जुन्या रॉक बँडचे लाइव्ह व्हिडिओ घरी पाहताना अंगावर काटा का येत नाही?

तुम्ही विचारलंय की लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन यांच्या लाइव्ह व्हिडिओंबद्दल लोक एवढं भरभरून बोलतात, मग घरच्या मोठ्या टीव्हीवर ते सपाट का वाटतात, आणि सुरुवात कुठून करायची.

आधी आवाज, कारण निम्म्याहून जास्त गडबड तिथेच असते. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा. पातळ टीव्हीचे स्पीकर बोटभर असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. ते १०० हर्ट्झच्या आसपासच दमतात. त्यामुळे बेसची नुसती सावली ऐकू येते आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची टकटक होते. रॉकमध्ये सगळी इमारत बेस आणि ड्रमवर उभी असते. पायाच काढून घेतल्यावर वर कितीही सुंदर गिटार वाजली तरी ती पोकळच लागणार.

यासाठी महागडं होम थिएटर लागत नाही. ५ ते साडेसहा इंची वूफरचे (खालचे जाड स्वर वाजवणारा भाग) दोन स्पीकर आणि एक साधा स्टीरिओ अॅम्प्लिफायर पुरे. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्यापर्यंत ठेवा. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. भिंतीपासून फूटभर पुढे ओढा आणि कोपऱ्यात तर मुळीच ठेवू नका, तिथे बेस घुमतो आणि सगळे स्वर एकाच ‘धूं’मध्ये बुडतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली जाड फोमचे किंवा रबराचे तुकडे घाला, म्हणजे हादरा थेट स्लॅबमध्ये उतरणार नाही. हे जमण्यासारखं नसेल तर वायरचे चांगले हेडफोन घ्या.

वायरचे म्हटलं ते मुद्दाम. ब्लूटूथवर आवाज ०.१ ते ०.३ सेकंद मागे पडू शकतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग म्हणजे ०.१२५ सेकंद. म्हणजे ड्रमरचा हात पुढच्या आघाताला पोचलेला असतो आणि कानात मागचा वाजत असतो. डोक्याला ही चूक नेमकी कळत नाही, पण थरार गेलेला असतो. स्नेअर ड्रमवर काठी पडते त्या क्षणाकडे बघून तपासा. काही टीव्ही आणि फोन हा फरक आपोआप भरून काढतात, पण सगळे नाही. विंडोजवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये पाहत असाल तर ‘जे’ दाबल्यावर आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ दाबल्यावर तेवढाच मागे जातो.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमधलं ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद करा. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठा आवाज दाबतं. बँड कुजबुजीपर्यंत खाली येऊन एकदम फुटतो, ती जागाच त्याने सपाट होते. आवाजाची पातळी मात्र बेतात ठेवा. कॉन्सर्टमध्ये स्टेजजवळ १०० डेसिबल सहज होतात, घरात ८० ते ८५ पुष्कळ झाले. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपने अंदाज येतो.

चित्राचं एकच महत्त्वाचं: ‘मोशन स्मूदिंग’ बंद. कंपनीनुसार नाव वेगळं असतं. जुने कॉन्सर्टपट सेकंदाला २४ चौकटींच्या फिल्मवर आहेत. टीव्ही मध्ये स्वतःच्या चौकटी घुसवतो, मग ड्रमच्या काठ्या पाण्यात हलल्यासारख्या दिसतात. १९७४ चा कॅलिफोर्निया जॅम किंवा १९८५ चं लाइव्ह एड या मोठ्या कॉन्सर्टची गोष्ट निराळी. ते टीव्हीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी टिपलेले आहेत, त्यामुळे त्यांची हालचाल मुळातच गुळगुळीत आहे. त्यांच्या जुन्या प्रतींमध्ये हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले, तर व्हीएलसीत ‘डी’ दाबा.

गिटार वाजवत असाल तर आणखी एक. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर २४ चौकटींची फिल्म अनेकदा २५ ने पळवलेली असते. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि सूर दुरुस्त केलेला नसेल तर तो जवळपास पाऊण अर्धस्वर वर चढतो. सोबत वाजवताना काहीच जुळत नसेल तर आपल्या गिटारला दोष देऊ नका.

आता काय पाहायचं. फिल्म कॅमेऱ्याच्या एका मोठ्या रिळात साधारण ११ मिनिटं मावतात. रीळ संपलं की कॅमेरा बंद, आणि बँड काही थांबत नाही. २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोत ‘द बँड’ नावाच्या बँडची निरोपाची कॉन्सर्ट दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने चित्रित केली. तिथे ब्लूज गायक मडी वॉटर्स गात असताना फक्त एक कॅमेरा चालू होता. म्हणून ते गाणं जवळजवळ न कापता दिसतं, आणि माझ्या मते तेच त्या चित्रपटाचं शिखर आहे. उलट झेपलिनच्या १९७३ च्या न्यूयॉर्कच्या कॉन्सर्टच्या चित्रपटात तीन रात्री जोडल्या आहेत आणि राहिलेल्या जागा पुढच्या वर्षी इंग्लंडच्या शेपर्टन स्टुडिओत भरल्या आहेत. बेस वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सचे कपडे मध्येच बदलतात, स्टुडिओत तर त्याने केसांचा टोप घातला होता. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

झेपलिन पाहायचं तर ९ जानेवारी १९७० चं, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधलं. १६ मिलिमीटरची दाणेदार फिल्म आणि हातात धरलेले कॅमेरे. लांबलेल्या गाण्यांत गिटारवरचा जिमी पेज एक तुकडा फेकतो, ड्रमवरचा जॉन बॉनम तो उचलतो. त्यात शब्दांपेक्षा नजरेची देवाणघेवाण जास्त आहे. तबला आणि सतारीची जुगलबंदी ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. व्हिडिओ निवडण्याची माझी कसोटी एवढीच: वाजवणारे एकमेकांकडे बघताना दिसले पाहिजेत. दर दोन सेकंदाला कट आणि मध्ये नाचणारी गर्दी असेल तर ते नेमकं कापलं जातं.

क्वीनचं लाइव्ह एड सगळे सुचवतात आणि ती वीसेक मिनिटं जबरदस्त आहेतच. पण वाजवणं बघायला २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ ची कॅनडातल्या मॉन्ट्रियलची कॉन्सर्ट घ्या. ३५ मिलिमीटर फिल्म आणि स्टेजवर फक्त चार माणसं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘हेक्टिक्स’ नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा इथे फ्रेडी मर्क्युरी म्हणून पियानोवर बसतो, तेव्हा मागे ब्रायन मे (गिटार), जॉन डीकन (बेस) आणि रॉजर टेलर (ड्रम) तिघंच उरतात, आणि तरी आवाज भरलेला लागतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा ऑपेराचा भाग मात्र टेपवरचा आहे. तेवढा वेळ बँड आत जातो, आणि त्यानंतरच्या गिटारला परतताना जो स्फोट होतो तो आवाज दाबणाऱ्या सेटिंगवर कधीच कळणार नाही.

पिंक फ्लॉइडचं इटलीतल्या पॉम्पेईचं चित्रण ऑक्टोबर १९७१ चं. रिकाम्या रोमन रंगमंडपात, गावातून केबल ओढून आणलेल्या विजेवर ते खरोखर वाजवलेलं आहे, नुसते ओठ हलवलेले नाहीत. काही गाणी नंतर पॅरिसच्या स्टुडिओत घेतली. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक राइटला दाढी दिसली तर पॉम्पेई, नसेल तर पॅरिस. शक्यतो २०२५ ची दुरुस्त केलेली आवृत्ती मिळवा. ती मूळ निगेटिव्हवरून केली आहे आणि संगीतकार स्टीव्हन विल्सनने आवाज नव्याने मिसळला आहे. पहिल्यांदा सलग पाहा. दुसऱ्यांदा एकच माणूस धरा. ‘वन ऑफ दीज डेज’मध्ये तर कॅमेराच जवळपास पूर्ण वेळ ड्रमर निक मेसनवर आहे. मध्येच त्याच्या हातातली काठी निसटते आणि लय तुटायच्या आत दुसरी हातात आलेली असते.