पासवर्ड कोडात नको, भावा

भावा, तुझा कोड बघितला. उद्यमनगरातल्या कारखान्याचं बिलिंग झकास चाललंय, पण डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलीत उघडाच? मीपण हेच केलं होतं. फाइल गिटमध्ये (कोडातले बदल जपून ठेवणारं साधन) गेली, नंतर पुसली, तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे तिथं जपलेल्या जुन्या प्रतीत, पासवर्ड तसाच. शेवटी बदलावाच लागला. तूही आधी तो बदल, बाकीचं मग.

आता ठेवायचा कुठं? सिस्टिममध्येच पासवर्डची तिजोरी असते: विंडोजला क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅकला कीचेन, लिनक्सला ग्नोम कीरिंग नाहीतर केवॉलेट. तू पायथॉनवाला, तेव्हा 'कीरिंग' लायब्ररी घाल, ती या तिजोरीशी बोलते. सेवेचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड एकदा द्यायचा. पुढं पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या की पासवर्ड परत मिळतो. पासवर्ड कुलूपबंद करायचं एन्क्रिप्शन स्वतः लिहीत बसू नको. त्याची किल्ली परत कोडातच ठेवशील, लेका!

पण ही काय अभेद्य तिजोरी नव्हे. विंडोजवर त्याच खात्यानं चालणारा दुसरा प्रोग्रॅमही ती नोंद वाचू शकतो. काउंटरवरची चार पोरं एकाच लॉगिननं बसत असतील तर निम्मा फायदा तिथंच गेला. प्रत्येकाला वेगळं खातं काढून दे, मालक कुरकुरले तरी.

लांबलचक टोकन (पासवर्डऐवजी वापरायची अक्षरांची माळ) कोंबू नको, विंडोजवर एका नोंदीत २५६० बाइटच मावतात. आणि रात्रीचा बॅकअप दुसऱ्या खात्यानं चालत असेल तर त्याला तुझ्या खात्यातला पासवर्ड दिसणार नाही. त्या खात्यातून एकदा वेगळा साठव. माझी एक अख्खी रात्र यातच गेली होती.