“बाळ उपाशी आहे, मग पावडरचं दूध का देऊ देत नाहीत?”

सिझेरियननंतरची दुसरी रात्र. बाळ दर पाऊण तासाने रडतंय आणि आजी हवालदिल झाल्यात. “हिला दूधच नाही. डबा आणलाय, पण सिस्टर म्हणतात डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. हा कसला नियम?” बाळंतिणींच्या वॉर्डात हा प्रश्न नेहमीचा, आणि त्यामागची काळजी खरी असते.

आधी बाळ पाहिलं. जन्मवजन ३ किलो, आता २ किलो ८५० ग्रॅम, म्हणजे घट ५ टक्के. दोनदा शू झालेली, रडणं जोरकस. बाळ उपाशी नव्हतं. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिली चीक, म्हणजे आईचं पहिलं पिवळसर दूध, पुरतो, दुसऱ्या दिवशी ५ ते १५. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधी आणखी उशिरा. तोवर बाळ सारखं अंगावर येतं आणि त्या चोखण्यानेच दूध वाढतं. पावडरने पोट भरलं की ते चोखणं कमी होतं.

अडचण पकडीत होती. टाके दुखतात म्हणून आई उताणी झोपलेली, बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र. तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी दिली, टाक्यांपुढे टॉवेलची गुंडाळी ठेवली. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर; तोंड मोठं उघडल्यावर हनुवटी आधी टेकवली. गिळताना दिसू लागलं. मग बोटं स्तनाग्रामागे दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून, आधी छातीकडे आणि नंतर एकमेकांकडे दाबून वाटीत चीक काढला. तो आजींनीच चमच्याने पाजला. ‘दूधच नाही’ हा समज आकड्यांनी जात नाही, ते पिवळे थेंब पाहावे लागतात.

बेलारूसमध्ये १९९६-९७ मध्ये ३१ रुग्णालयं आणि १७,०४६ बाळांवर अशा धोरणाची, म्हणजे स्तनपानाला मदत करायची आणि गरजेशिवाय पावडर द्यायची नाही, याची चाचणी झाली. जिथे कर्मचाऱ्यांना स्तनपानाचं प्रशिक्षण दिलं होतं, तिथे पहिल्या वर्षात ९.१ टक्के बाळांना पोटाचा संसर्ग झाला, इतरत्र १३.२ टक्के. श्वसनाच्या आजारांत मात्र ठळक फरक दिसला नाही. हा फायदा मदतीचा आहे. डबा बंद करून रात्री आईजवळ कुणीच बसत नसेल, तर ते धोरण अर्धवट आणि बाळासाठी धोक्याचं.

बाळाच्या रक्तातली साखर उतरली, वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं, बाळ सुस्त पडलं, तर वरचं दूध द्यावंच लागतं: आधी आईचं काढलेलं, मग दूधपेढीचं (इतर आयांनी दान केलेलं), नाहीतर पावडरचं, बाटलीने नव्हे, वाटी-चमच्याने. घरी गेल्यावर पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा दुपटी ओली आणि शी पिवळी हवी. तसं नसेल तर त्याच दिवशी बाळाचं वजन करून घ्या.