नाशिकमध्ये होळी ते रामनवमीच्या दिवसांत घरच्यांना घेऊन कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच नाशिकला बदली झाली, घर इंदिरानगरला, मुलं पाच आणि अकरा वर्षांची, सोबत सासूबाई. मॉल आणि वायनरी सोडून मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांना मिळून कुठे जाता येईल, आणि शक्यतो शनिवार-रविवारी, असं तुम्ही विचारलंय. माझं माहेर पंचवटीतलं, त्यामुळे उत्तरात गोदाकाठ जास्त येईल. पण या दिवसांत नाशिकमध्ये जे काही घडतं त्यातलं बहुतेक तिथेच घडतं.

तुमची शनिवार-रविवारची अट मात्र सोडावी लागेल. नाशिकचा वसंत तिथीने चालतो. कालनिर्णय समोर घ्या आणि फाल्गुन पौर्णिमा ते चैत्र शुद्ध एकादशी या पंचवीसेक दिवसांवर खूण करा. त्यातल्या दोन-तीन दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाका. रविवारी गेलात तर रामकुंड आणि सीतागुंफा दिसेल, जी एरवीही दिसते. तिथीला गेलात तर सगळं शहर रस्त्यावर उतरलेलं दिसेल, आणि मुलांना नाशिक आपलं वाटायला लागेल ते त्यामुळेच.

धुळवडीपासून सुरुवात करा. बाहेरून आलेल्यांना वाटतं की त्या दिवशी रंग खेळतात. इथे खरा रंग रंगपंचमीला. धुळवडीच्या दुपारनंतर नाशिकमध्ये वीर निघतात. जुन्या घरांमध्ये देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन स्नान घालायची पद्धत आहे. ते घेऊन नाचणारी बरीचशी लहान मुलंच असतात; कोणी राम, कोणी कृष्ण, कोणी शिवाजी महाराज झालेलं. तुमच्या धाकट्याच्या वयाची मुलं हलगीच्या तालावर वाटी डोक्याशी धरून नाचतात आणि शेजारून आजोबा पावलं शिकवत चालतात. याच दिवशी बुधवार पेठेतून दाजिबा वीर निघतो, म्हणजे नवरदेवाच्या वेशातला, डोक्याला बाशिंग बांधलेला मानाचा वीर. गल्लोगल्ली बायका औक्षणाला उभ्या असतात, त्यामुळे त्याला रामकुंडावर पोचायला बरीच रात्र होते. तुम्ही संध्याकाळी पाचच्या सुमारास गोदाघाटावर जा, तासभर पायऱ्यांवर बसा. सासूबाईंना हे नक्की आवडेल. होळीच्या आधी बाजारात साखरेचे हारकडे येतात तेही मुलांसाठी घ्या. इथे लहान मुलांच्या गळ्यात हार आणि हातात कडी घालून त्यांना मिरवायची हौस सगळ्यांना असते.

मग रंगपंचमी. नाशिकच्या रहाडी तुम्ही ऐकल्या नसतील तर मुद्दाम सविस्तर सांगते. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, पुरुषभर खोल. पेशवेकाळापासूनच्या या रहाडी जुन्या नाशकात आणि पंचवटीत आहेत. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनी चौक ही त्यातली माहितीची ठिकाणं. वर्षभर त्या लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतात आणि वरून रोजची रहदारी चालू असते. आपण ज्यावरून गाडी नेतो त्या रस्त्याखाली रंगाचा हौद आहे, हे मोठ्या मुलाला आधीच दाखवून ठेवा. रंगपंचमीच्या आधी काही दिवस रहाड उकरतात, धुऊन काढतात, पाणी भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि तो बदलत नाही. तिवंध्याची पिवळी, शनी चौकाची गुलाबी. फुलं वगैरे मोठ्या कढयांत उकळून हा रंग करतात. त्या दिवशी पूजा होते, मानकरी पहिली उडी घेतात आणि मग पोरं काठावरून अंग झोकून देतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. धप्प्यासरशी पाणी एवढं उसळतं की काठावरची माणसं नखशिखांत भिजतात.

आता तुमच्या घराचा विचार करता माझं मत स्पष्ट आहे: रंगपंचमीच्या दुपारी लहान मुलाला आणि सासूबाईंना रहाडीपाशी नेऊ नका. गल्ल्या अरुंद, गर्दी प्रचंड, जमीन निसरडी. त्याऐवजी दोन गोष्टी करा. आदल्या एक-दोन दिवसांत संध्याकाळी सगळे मिळून जा आणि उघडलेली रहाड बघून या. तेव्हा काठाशी उभं राहून आत डोकावता येतं आणि कामात असलेली मंडळी आपणहून माहिती सांगतात. आमच्याकडे रहाडीविषयी विचारणाऱ्याला कोणी वाटेला लावत नाही. आणि प्रत्यक्ष दिवशी फक्त मोठ्या मुलाला घेऊन घरातल्या एकाने जावं, सकाळीच नव्हे तर पूजा होऊन रंग सुरू झाल्यावर. कपडे कायमचे गेले असं समजूनच घाला, मोबाइल घरी ठेवा.

गुढीपाडव्याच्या आधीचे काही दिवस गोदाघाटावर पाडवा पटांगण गजबजलेलं असतं. महारांगोळी, ढोलपथकांचं महावादन, गाण्याचे-नृत्याचे कार्यक्रम असं संध्याकाळी काही ना काही चालू असतं. मला त्यातली रांगोळी सगळ्यात आवडते. सासूबाई रांगोळी काढत असतील तर त्यांना एकदा काठावर उभं करून तो विस्तार दाखवाच. पाडव्याच्या सकाळी शहराच्या वेगवेगळ्या भागांतून स्वागतयात्रा निघतात. ढोलाचा आवाज लहान मुलांना जवळून सोसत नाही, कानात कापूस ठेवा आणि अंतर राखा.

पाडव्यानंतर तिजेला घरोघरी चैत्रगौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवं चालतात: कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. याला तिकीट नाही की जाहिरात नाही, फक्त ओळख लागते. तुम्ही नव्या आहात म्हणून संकोच करू नका. सोसायटीतल्या दोघी-तिघींना आधी तुम्हीच बोलवा, मग पुढची आमंत्रणं सासूबाईंनाच येतील.

पक्षी आवडत असतील तर नांदूरमध्यमेश्वर चैत्राची वाट न बघता, मार्च संपायच्या आत गाठा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधाऱ्यामुळे झालेलं हे पाणथळ, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं. स्थलांतरित पक्षी उन्हं वाढली की परतायला लागतात. पहाटे निघा, नऊपर्यंत बघून घ्या. परत येताना रस्त्याकडेला शेतकऱ्यांकडून द्राक्षं घ्या, हंगाम तोपर्यंत असतो. येताना मिसळ खाल हे सांगायला नकोच.

पुढच्या वर्षीसाठी २७ फेब्रुवारी लक्षात ठेवा. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान हा साहित्य पुरस्कार एक वर्षाआड याच सुमारास देतात आणि मधल्या वर्षी १० मार्चला, त्यांच्या स्मृतिदिनी, गोदावरी गौरव पुरस्कार. अकरा वर्षांच्या मुलाला अशा कार्यक्रमाला न्यायला काहीच हरकत नाही. मोठी माणसं कविता ऐकायला गर्दी करतात हे त्याने बघावं असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या मुलासाठी आणखी एक: बोहाडा. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातल्या आदिवासी गावांत होळीनंतर रात्री देवादिकांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर सोंगं नाचवतात. गणपती-सरस्वतीपासून सुरुवात होते, रात्रभर चालतं. हा गावाचा देवकार्याचा उत्सव आहे, करमणुकीचा प्रयोग नव्हे. म्हणून तिकडचं कोणी ओळखीचं असेल तरच त्यांच्यासोबत जा आणि फोटो विचारून काढा. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाबद्दल कोणी सुचवलं तर: रामनवमी ते चैत्र पौर्णिमा वणीला खानदेशातून लाखो माणसं पायी येतात. भाविक म्हणून जायचं तर जरूर जा, पण लहान मूल आणि वयस्कर माणूस घेऊन सहलीला म्हणून त्या दिवसांत नको. इतर वेळी गडावरच्या गावातून वर देवीच्या मंदिरापर्यंत जायला ट्रॉली आहे.

वर्षातून एकच दिवस काढता येणार असेल तर तो चैत्र शुद्ध एकादशीचा काढा. कामदा एकादशी, रामरथ आणि गरुडरथाचा दिवस. पाडव्यापासून काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्र चाललेलं असतं, नवमीला भर दुपारी रामजन्म होतो. तो बघायला गर्दीत तासन् तास उभं राहावं लागतं. रथाचं तसं नाही, रथ तुमच्यापर्यंत येतो. उन्हं उतरल्यावर मंदिराच्या पूर्व दरवाजापासून रथ निघतात. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. पुजारी घराण्यातला त्या वर्षीचा मानकरी, ज्याला बुवा म्हणतात, तो पांढऱ्या वेषात रामाकडे तोंड करून, हात जोडून, उलटा चालत जातो. एकदाही पाठ फिरवत नाही. तालमीतले गडी दोर ओढतात. गरुडरथ नदी ओलांडून गावात फिरून येतो. रामरथ नदी ओलांडत नाही, तो गोदाकाठीच त्याची वाट बघत थांबतो. मग रामकुंडावर उत्सवमूर्तींना अवभृथ स्नान, म्हणजे उत्सव संपतानाचं स्नान, घालून रात्री उशिरा सगळे मंदिरात परततात. बुवांची ती उलटी पावलं बघताना माझ्या अंगावर दर वर्षी काटा येतो.

त्या दिवशी मोठ्या मुलाला मंदिराचा दुसरा इतिहासही सांगा. काळ्या दगडाचं हे देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली, आणि दार न उघडता सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. रथ बघायचा आणि हे सांगायचं नाही, हे मला पटत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं.

जाण्याबद्दल: स्वतःची गाडी पंचवटीत नेऊ नका. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते आधीच अडलेले असतात, त्यात रथाच्या दिवशी वाहतूक बंद करतात. सिटीलिंकच्या बसने निमाणीला उतरा, तिथून मंदिर चालत जवळ आहे. सासूबाईंना बसायला ओटा मिळायला हवा असेल तर चारच्या आत पोचा. देवळाजवळच्या गल्ल्यांतल्या घरांमधून वयस्कर माणसांना ओट्यावर जागा देतात, फक्त विचारायचं. पाण्याची बाटली आणि मुलासाठी टोपी घ्या, ऊन सहापर्यंत टोचतं.