शाळेतली मुलं दिवसभर 'सिस्टर, पोट दुखतंय' करत येतात. खरं दुखणं आणि सोंग ओळखायचं कसं, आणि आपला वैताग आवरायचा कसा?

'एका दिवसात ४२ मुलं, त्यातली खरी आजारी दोन' हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचून हसू आलं. आमच्याकडचा हिशोबही साधारण असाच आहे. तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून चार वर्षं आयसीयूत काढली, जूनपासून पुण्यात शाळेत लागलात आणि आता ही पिरपिर ऐकून 'शिकलो ते यासाठी का' असं वाटतं. मी सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका शाळेत तेरा वर्षं सिस्टर आहे. त्याआधी सर्जिकल वॉर्डला होते. नाइट ड्यूटी सुटल्याचा आनंद मला गणपतीपर्यंत पुरला. त्यानंतर हलणारे दात आणि पेन्सिलचं टोक टोचलेली बोटं बघून रडू यायचं. (पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, विष चढत नाही, हे मी आजवर किती वेळा सांगितलंय त्याची गणती नाही.)

तुमच्या प्रश्नातला 'सोंग' हा शब्द मात्र मी आधी खोडेन. ठरवून थापा मारणारी मुलं असतात, पण थोडी, आणि बहुतेक आठवी-नववीतली. ती लगेच ओळखू येतात, कारण त्यांना दुखण्यापेक्षा 'घरी फोन कधी करणार' यात रस असतो. लहानांचं तसं नसतं. आपण मोठी माणसंच म्हणतो ना, भीतीने पोटात गोळा आला, पोटात ढवळलं? आपण ते बोलण्यापुरतं म्हणतो, दुसरीतल्या मुलाच्या पोटात तो गोळा खरोखर येतो. आतडी आणि मेंदू यांची सतत बोलाचाली चालू असते. जॉन अ‍ॅपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्याबरोबर हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. दहातल्या साधारण एका मुलाला वारंवार पोटदुखी होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात काही बिघाड सापडला नाही. म्हणून त्यांना दुखत नव्हतं असं कुणी म्हटलं नाही.

त्याच डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा मला रोज कामाला येतो: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी काळजी जास्त. 'एका बोटाने दाखव' म्हणायचं. बेंबीभोवती सगळा तळवा फिरवला तर जरा निवांत. खाली उजवीकडे एकच बोट रोवलं तर खुर्चीवरून उठायचं. अपेंडिक्सचं दुखणंही बेंबीपाशीच सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे सरकतं, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बोलावून बघायचंच. आणि लंगडी. 'दाराजवळून माझ्यापर्यंत लंगडी घालत ये बरं.' पोटाच्या आवरणाला सूज असेल तर मूल एका पायावर दोन उड्याही मारू शकत नाही, तोंड वाकडं करून थांबतं. ज्याला इंग्रजीचा तास चुकवायचाय तो आनंदाने खोलीभर लंगडी घालतो, वर विचारतो, 'परत जाऊ?' पोट दाबताना डब्यात काय होतं ते विचारायचं आणि चेहरा बघायचा. खरं दुखत असलेलं मूल आपल्या हातावरची नजर हलवत नाही.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हिरवी उलटी, शौचातून रक्त, घटणारं वजन, सारखी तहान आणि सारखी शू, यांना 'कुरकुर' कधी म्हणू नका. शेवटच्या दोन्हींसाठी तर वर्गशिक्षिकांनाच सांगून ठेवा. 'बाटली संपवतो आणि तासाला चारदा बाहेर जातो, नाटकं नुसती' असं म्हणून पाठवलेल्या मुलाची साखर ग्लुकोमीटरवर बघावी. मधुमेह लहान मुलांनाही होतो.

आता माझी चूक सांगते. सहावीत एक मुलगी होती. एका सत्रात ती जवळजवळ एक दिवसाआड यायची. गुडघा, दाढ, कानाची पाळी, डास चावला. स्टाफरूममध्ये तिचं नाव 'सिस्टरांची पेशंट' पडलं होतं आणि मीही हसायचे. एकदा खो-खोच्या सरावात पडून मनगट धरून आली. सूज नव्हती, बोटं हलत होती. मी ओला रुमाल बांधला आणि 'जा, काही झालं नाही' म्हणून वर्गात पाठवलं. तिसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर. मुलांची हाडं ओली फांदी असते तशी असतात, तुटत नाहीत, पिचकतात, आणि सूज फारशी दिसतही नाही. आई भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दोन दिवस दुखत होतं, पण म्हणाली, सिस्टरना सांगून उपयोग नाही."

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण खोटं बोलणाऱ्या पोराला सांगतो. त्या गोष्टीत शेवटी मेंढ्या खरंच जातात, तेवढं मात्र विसरतो. तेव्हापासून माझा नियम आहे की रोज येणाऱ्या मुलाची तक्रार त्या दिवशी पहिल्यांदा आल्यासारखी बघायची, आणि हाडावर बोट ठेवून एकाच जागी दुखत असेल तर सूज असो वा नसो, एक्स-रे.

त्या मुलीची उरलेली गोष्ट मला नोंदवहीने सांगितली. मी मागची पानं काढून बसले तेव्हा दिसलं की तिच्या सगळ्या फेऱ्या मधल्या सुट्टीतल्या. तिची मैत्रीण जूनमध्ये शाळा सोडून गेली होती आणि डबा खायला तिला कुणी नव्हतं. माझ्याकडे निदान बसायला खाट आणि बोलायला माणूस होतं. गंमत म्हणजे प्लास्टरवर सह्या करायला सगळा वर्ग जमला आणि पुढचे दोन महिने ती फिरकलीच नाही.

तेव्हा तुमच्या खोलीतलं सगळ्यात कामाचं साधन ती वही समजा. नाव, तक्रार, उपाय एवढंच लिहू नका. वेळ, कितवा तास आणि सकाळी काय खाल्लं, हेही लिहा. वर्गातून येताना वेळ घातलेली चिठ्ठी आणल्याशिवाय कुणी येणार नाही असं मुख्याध्यापकांकडून ठरवून घ्या (सांडणारं रक्त आणि उलटी सोडून). महिनाभराने पानं उलटलीत की अर्धी कोडी सुटतात. माझ्याकडे डोकेदुखीची सगळ्यात मोठी झुंबड साडेनऊला असायची. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, पण पाचवीच्या पुढची मुलं आमच्याकडे अजून सातलाच येतात, म्हणजे सव्वासहाची व्हॅन, म्हणजे अर्धा कप दूध किंवा तेही नाही. त्यांना मी गोळी देत नाही, डब्यातली अर्धी पोळी खायला लावते. ज्यांचं डोकं फक्त फळ्यावरचं उतरवून घेताना दुखतं त्यांना भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचायला लावते. मागच्या बाकावरची कितीतरी 'डोकी' चष्म्याने बरी झाली.

आणि अकरा वाजताचा ताप. तो ओळखायला तुम्हाला दोन आठवडेही लागणार नाहीत. आईबाबा दोघं हिंजवडीला, रजा मिळत नाही, म्हणून सहाला पॅरासिटामॉल पाजून मूल शाळेत. औषधाचा असर चार-सहा तासांचा. बरोबर अकराला पोर निखाऱ्यासारखं तापून माझ्या दारात. फोन केला की 'सकाळी तर ठणठणीत होता'. मी पूर्वी चिडायचे. आता सरळ विचारते, 'किती वाजता दिलंत आणि किती एमएल?' कारण ते कळल्याशिवाय पुढचा डोस सांगता येत नाही. मग अर्ध्या तासात आजोबा स्कूटर घेऊन येतात, बहुतेक वेळा स्वेटर घेऊन, एप्रिल महिना असला तरी. पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठलीही गोळी देऊ नका, त्यांनी फोनवर कितीही 'द्या हो, काही होत नाही' म्हटलं तरी. आणि घरी फोन करायचा तो आपण. मुलाच्या हातात फोन दिला की हुंदका फुटतो आणि पोटदुखीचं ऑपरेशन होतं.

घोळणा फुटलेलं मूल मार्च-एप्रिलात रोज एक तरी येईल, मान मागे टाकून आणि सोबत कांदा शोधत फिरणारे तीन मित्र घेऊन. मान पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून, मित्र वर्गात.

वैतागाच्या भरात मीही एक पुणेरी उपाय करून बघितला. दारावर पाटी लावली: 'येथे घरी जाण्याची परवानगी मिळत नाही. कंटाळा या आजारावर औषध नाही. दात आपोआप पडतो.' शिक्षक खूश, दोन पालकांनी फोटो काढले. गर्दी कमीही झाली. मग एक दिवस शिपाईमामांनी तिसरीतल्या एका मुलाला जिन्यात बसलेलं पाहिलं. अंगात १०२ ताप. पाटी वाचून परत फिरला होता. त्याने ती अक्षरं जुळवत वाचली असणार, त्याला त्यातला विनोद कसा कळावा? पाटी त्याच दिवशी उतरवली. बेरकी मुलांवर तिचा परिणाम नव्हताच, घाबरट तेवढी अडली होती.

२०२५ चा जानेवारी तर आमच्या भागातलं कुणीच विसरणार नाही. किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी, सगळीकडे गीयाँ-बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते, त्या आजाराचे) रुग्ण, दूषित पाण्यावर संशय, शहर-परिसरातला संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. घरोघरी टीव्हीवर तेच. दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या दाराशी रांग: 'सिस्टर, पायाला मुंग्या येतात.' नव्वद टक्के मुंग्या प्रार्थनेला मांडी घालून बसल्याच्या होत्या. पण त्या महिन्यात मी एकालाही हसून घालवलं नाही. प्रत्येकाला हात न टेकता जमिनीवरून उठायला लावायचं, चवड्यांवर चालवायचं, टाचांवर चालवायचं, मागच्या तीन-चार आठवड्यांत जुलाब झाले होते का विचारायचं. दोन मिनिटांत होतं, आणि उठून दाखवता आलं की मुलाचाच चेहरा उजळतो. मी 'तुला काही झालेलं नाही' म्हणण्यापेक्षा त्याच्या पायांनी त्याला ते सांगितलेलं जास्त पटतं. ही युक्ती इतर तक्रारींनाही चालते. जंतनाशक गोळीच्या दिवशी (१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट) एकाने उलटी केली की मागोमाग वीस जणांना मळमळतं. तिथे मात्र पहिल्या मुलाला आधी दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर वर्ग आडवा होतो.

एक गोष्ट हलक्याने घेऊ नका. ठरावीक दिवशी, ठरावीक माणूस न्यायला येणार असला की दुखणारं पोट, शू करताना होणारी आग, कपड्याला हात लावू न देणं. पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), २०१२ पासून, नुसता संशय आला तरी कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर तुमच्या टेबलाच्या काचेखाली असू द्या. मूल पहिल्याच फेरीत ते बोलत नाही. आधी पाच-सहा वेळा खरचटलेला गुडघा घेऊन येतं आणि तुम्ही कसं ऐकता ते बघून जातं.

राहिला तुमचा वैताग. तो पूर्ण जात नाही, माझाही गेलेला नाही. आयसीयूत आपण मॉनिटरकडे बघून काम करतो, इथे मॉनिटरच सव्वातीन फुटांचा असतो आणि शर्टाला नाक पुसतो. मला एका गोष्टीने खूप फरक पडला: तक्रार ऐकताना हातातलं काम ठेवून पूर्ण दोन मिनिटं द्यायची आणि मग संपवायचं. अर्धवट लक्ष दिलं की मूल आवाज वाढवतं, पूर्ण दिलं की उरकतं. नंतर एक पेला कोमट पाणी, घोट-घोट, घड्याळात पाच मिनिटं. पाणी संपेपर्यंत बहुतेकांचं पोट थांबतं किंवा तास तरी. ज्याचं थांबत नाही तो खाटेवर. आणि दुपारी ड्यूटी संपल्यावर दार लावून चहा एकटीने प्या. त्या वेळात दात हललेल्यांनाही प्रवेश नाही.

येत्या सोमवारपासून वहीत तास लिहायला लागा आणि महिन्याने इथे प्रतिसादात सांगा, तुमच्याकडे सगळ्यात जास्त पोटं कधी दुखतात. माझ्याकडे गेली तीन वर्षं बुधवारचा चौथा तास, सातवी ब. विषय सांगत नाही, त्या बाई इथे वाचायला येतात.