एक वर्षाचा चिनी मास्टर्स: घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बीकॉम झाली आहे, चिनीचा एक शब्द येत नाही, आणि समकालीन चिनी संस्कृती, भाषा आणि व्यवसाय असा ब्रिटनमधला एक वर्षाचा मास्टर्स तिच्या मनात भरलाय. कर्ज काढून पाठवावं का, आणि परत आल्यावर पुण्यात काम मिळेल का? मी स्वतः चीनमध्ये दोन वर्षांचं मास्टर्स केलं आणि त्यानंतर बारा वर्षं तिथल्या कारखान्यांतून माल आणतोय. माझं मत: जाऊ दे, पण या वर्षी नको. आधी भाषा.

हिशेब करून बघा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती चिनी यायला वर्गातले २२०० तास धरतं. एक वर्षाच्या कोर्समध्ये आठवड्याला सहा तास भाषा आणि तीस आठवडे धरले तर होतात १८०. तेवढ्यात ती स्वतःची ओळख करून देईल, नूडल्स मागवेल, टॅक्सीवाल्याला डावीकडे घे म्हणेल. करार वाचणं सोडूनच द्या.

भाषांतराचं ॲप आहे की, असं कुणीतरी खाली लिहीलच. ॲप मीही वापरतो. पण समोरचा मालक ‘येनच्यू येनच्यू’ म्हणाला तर ॲप सांगतं, ‘आम्ही यावर अभ्यास करू’. आपण खूश होऊन हॉटेलवर परततो. तो बिचारा ‘नाही’ म्हणालेला असतो. हे मला कळेपर्यंत दोन दौरे फुकट गेले. आणि खरेदी आणि विक्री, दोन्हींसाठी शब्द ‘माइ’च. सूर खाली जाऊन वर आला की विकत घेणं, वरून धाडकन खाली आणला की विकणं. सौद्याच्या टेबलावर यात घोळ झाला तर लोक हसतात, पण आकडा आपलाच चुकतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, ती क्लासमध्ये कुणी सांगत नाही. रोमन लिपीतलं चिनी वाचताना इंग्रजी अक्षरं विसरायची. त्यातला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे फ (ओठ मिटून म्हटलेला, फळातला), ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते तिथे पेइचिंग आहे. गोऱ्या मुलांना प-फ, त-थ हा फरक कानाला पकडायला महिने लागतात, आपल्याला तो मुळाक्षरांतच मिळालेला असतो. वर मराठीत च दोन आहेत, ‘चटणी’तला आणि ‘चार’मधला. चिनीतही जवळपास तेच दोन वेगळे आहेत. हिंदीवाल्या वर्गमित्रांना पहिला च जमेना, तो मला पहिल्या दिवशी आला. सुरांना मात्र आपल्याकडे काही उपाय नाही, रोज मोठ्यांदा म्हणायचं, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

आता संस्कृतीचा भाग. प्रवेश घेताना मला तो पाट्या टाकायचा विषय वाटला होता. धंद्यात सगळ्यात उपयोगी तोच पडला, व्यवसायाचे पेपर त्यामानाने विसरूनही गेलो. दुसऱ्या वर्षीची माझी ऑर्डर नळांची होती, झेजियांग प्रांतातल्या एका कारखान्याकडून. वसंतोत्सवाआधीचा, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीआधीचा माल उत्तम. सुट्टीनंतरच्या पहिल्या लॉटमध्ये मात्र दर चार-पाच नळांमागे एकाचे आटे बसत नव्हते. मी मालकाशी भांडलो, तो माझ्याशी. मग वर्गात वाचलेलं ‘हूखौ’ आठवलं. १९५८ च्या कायद्यापासून चालत आलेली ही नोंदणी माणसाला जन्मगावाला बांधते. शहरात वीस वर्षं राबलात तरी मुलाला तिथल्या सरकारी शाळेत घालताना आणि पुढे ‘काओखाओ’ ही प्रवेशपरीक्षा देताना तुमची नोंद गावचीच निघते. म्हणून पुष्कळांची मुलं गावी आजी-आजोबांकडे, आणि आईबाप वर्षातून एकदा त्यांना भेटायला जाणार. गेलेले सगळे परत येतातच असं नाही. सुट्टीनंतर मशीनवर नवा हात असतो आणि आटे तो पाडतो. तेव्हापासून सुट्टीनंतरचे पहिले तीन आठवडे मी माल काढत नाही. कारखाना बदलायची गरज पडली नाही.

नोकरीचं म्हणाल तर चिनी कंपन्यांपैकी रांजणगावला हायर आहे, चाकणला सॅनी, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणारे. अशा ठिकाणी दुभाष्या लागतो. पण एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी पूर्वपरवानगी सक्तीची झाली, भारत-चीन थेट विमानं पाच वर्षं बंद राहून ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, म्हणजे हे काम राजकारणाच्या वाऱ्यावर डोलतं. कर्जाचा हप्ता त्याच्या भरवशावर ठेवू नका. मला ओळखीच्या कंपन्यांतून दुभाष्यासाठी फोन येतात, तेव्हा पदवी कुठली हे कुणी विचारत नाही. एचएसके (चिनी भाषेची परीक्षा) कितवी आणि मशीनसमोर उभं राहून बोलता येतं का, एवढंच.

म्हणून तिने वर्षभर इथेच शिकावं. जुन्या सहा पातळ्यांच्या एचएसकेत चौथीला १२०० शब्द लागत, पाचवीला २५००. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचा नवा आराखडा आलाय, पुस्तक घेताना तेवढं बघा. चौथी जमली तर मग ब्रिटनच का? चीन सरकारची शिष्यवृत्ती आहे. पेकिंग विद्यापीठाच्या येनचिंग अकादमीत चीन-अभ्यासाचा मास्टर्स इंग्रजीतून होतो, शिष्यवृत्तीसकट, मात्र प्रवेश अवघड. तैवानची नुसत्या भाषेसाठीची ह्वायू शिष्यवृत्तीही चांगली आहे, फक्त तिथे जुनी, जास्त रेघांची लिपी शिकावी लागेल. बाहेर पाठवण्यावरून घरात वाद होणार असतील तर चिनी शिकायला दिल्लीचं जेएनयू आणि शांतिनिकेतनचं १९३७ पासूनचं चीना भवनही आहे.

(तिकडे गेलीच तर महाराष्ट्रातली आहे हे आवर्जून सांगू दे. जपानशी युद्ध चालू असताना चिनी जखमींवर उपचार करायला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना तिथे ‘ख तीह्वा’ म्हणतात, आणि साठीपुढच्या माणसाला ते नाव ऐकून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही असं क्वचितच झालं.)

तरीही ब्रिटनच ठरलं, तर पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठाला मेल करून दोन गोष्टी विचारा: भाषेचे तास आठवड्याला नक्की किती, आणि अगदी नवशिक्यांचा वर्ग वेगळा असतो की नाही. उत्तर आलं की इथेच टाका, बघून सांगतो.