रात्रीचं हॉटेल, दारातला गनमॅन आणि अर्धं शटर : वाचकांचे प्रश्न

रात्री दोन-तीनपर्यंत बर्गर, रोल, शॉरमा विकणारे मालक हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : दारात बंदूकवाला उभा केला की निभावलं ना? नाही निभावत. पहिल्या उत्तरात ते जरा सविस्तर सांगतो. त्यामुळे पुढच्या काही जणांची बोळवण एका वाक्यात होईल, राग मानू नका.

प्रश्न : हिंजवडीजवळ माझं बर्गरचं आउटलेट आहे, रात्री तीनपर्यंत चालतं. शेजारच्या दुकानात कोयता दाखवून गल्ला नेला. एक एजन्सी बारा बोअरची बंदूक असलेला माजी सैनिक द्यायला तयार आहे. 'लायसन्सचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त चेक द्या' म्हणतात. ठेवू का?

चेक इतक्यात देऊ नका. 'लायसन्सचं आम्ही बघतो' म्हणजे नेमकं कुठलं लायसन्स, ते आधी विचारा. इथे दोन वेगळे परवाने लागतात आणि विकणारा माणूस त्यांची बेमालूम सरमिसळ करतो.

एक परवाना एजन्सीचा. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम 2005 खालचा, धंद्यात ज्याला सगळे 'पसारा लायसन्स' म्हणतात तो. तो नसताना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 25 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरा परवाना बंदुकीचा, शस्त्र अधिनियम 1959 खालचा. पहिला आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही, आणि गडबड असते ती नेमकी इथे. बंदूक कोणाच्या नावावर आहे? परवाना कशासाठी दिला होता? आत्मसंरक्षणासाठी किंवा शेतातल्या पिकाच्या राखणीसाठी मिळालेली बंदूक घेऊन माणूस तुमच्या दारात पगारावर उभा राहत असेल, तर परवान्याची अट मोडली जाते का, हे आधी तपासायला हवं. परवाना परराज्यातला असेल तर महाराष्ट्रात तो चालतो का, हेही. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. मूळ परवाना मागा. त्यावरचा युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), मुदत, कार्यक्षेत्र आणि हत्याराचा नंबर बघा, आणि तो नंबर प्रत्यक्ष बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहा. हे सगळं घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात जा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 'साहेबांशी बोलणं झालंय' या वाक्याला कागदावर काडीची किंमत नाही.

समजा कागद चोख निघाले. तरी माझं मत 'नको' असंच आहे. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नव्या रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण द्यावं लागतं. माजी सैनिकाला 40 आणि 16 तास पुरतात. त्या अभ्यासक्रमात हत्यार हाताळणी आहे, पण ऐच्छिक. सैन्यात रायफल चालवलेला माणूस दहा बाय बाराच्या काउंटरसमोर, डिलिव्हरीच्या पोरांच्या गर्दीत बार काढायला तयार असतो, हे कोणी सांगितलं? बारा बोअरचा छर्रा पसरत जातो. कोयतेवाला उभा असतो तुमच्या कॅशियरच्या खांद्याला खांदा लावून. गोळी झाडली तर कोणाला लागेल, ते तुम्हीच सांगा. आणि बंदूक रिकामी ठेवणार असाल तर ती नुसती शोभेची झाली.

रात्री अडीच वाजता असा गनमॅन दिसतो कसा, तेही बघून या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, बंदूक मेनूच्या बोर्डाला टेकवलेली, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाइल. बारा तासांच्या ड्युटीत माणूस आणखी काय करणार? पण दोघं-तिघं ठरवून आले तर गल्ल्याबरोबर बंदूकही घेऊन जातील. बँक, सराफ, कॅश व्हॅन यांचं गणित वेगळं असतं. त्यांच्याकडे रोकड हलवता येत नाही किंवा हलवणं हाच धंदा असतो. तुमच्याकडे ती कमी करता येते. खरोखरच नाव घेऊन धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या. सशस्त्र रक्षक लागणारच असं त्यांचंही मत पडलं, तर महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडे चौकशी करा. आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय काहीच करू नका. पॉलिसीत हत्याराबद्दल काय लिहिलंय, हे बहुतेक मालकांना दावा फेटाळला गेल्यावर कळतं.

प्रश्न : खरी बंदूक नको म्हणता, मग एअरगन किंवा डमी दिली तर? नुसता धाक राहील.

नाही. समोरचा ती खरी समजूनच वार करेल.

प्रश्न : रात्रभर हॉटेल चालवायला कायदा परवानगी देतो का? व्हॉट्सॲपवर वेगवेगळं वाचतो.

व्हॉट्सॲप बंद करा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 ने 24 तासांची वाट मोकळी केली आहे. दारू देणाऱ्या जागांच्या वेळा मात्र वेगळ्या आहेत. तुमच्या जागेला काय लागू पडतं, ते पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत विचारूनच पाटी लावा.

प्रश्न : आम्ही तिघं भागीदार. रात्री दोनला बंद करतो, मग मॅनेजर शटर अर्धं खाली ओढून एकटा हिशोब करतो आणि रोकड घरी नेतो. यात काही सुधारणा सुचवाल?

सुधारणा नव्हे, हे आजच बंद करा.

अर्धं शटर हा मला आलेल्या प्रत्येक पत्रात लपून बसलेला धोका आहे, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नाही. मालकाला वाटतं, शटर खाली म्हणजे दुकान सुरक्षित. उलट आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, आणि आत घुसणाऱ्याला फक्त वाकावं लागतं. आत ट्यूबलाइटखाली नोटा मोजणारा माणूस शटरकडे पाठ करून बसलेला असतो, त्याच वेळी मागचं दार कचरा टाकायला उघडं असतं, आणि त्या दाराला फरशीचा तुकडा अडकवलेला असतो. ही वीस-तीस मिनिटं तुमच्या संपूर्ण रात्रीतली सगळ्यात वाईट वेळ असते.

अमेरिकेत या प्रकाराची फार मोठी किंमत मोजली गेली. 8 जानेवारी 1993 ला शिकागोजवळच्या पॅलाटाइनमध्ये ब्राउन्स चिकन या रेस्तराँत बंद व्हायच्या सुमारास दोघं जण आले. सात माणसं मेली, दोन मालक आणि पाच कर्मचारी. आरोपी सापडले 2002 मध्ये. कचऱ्याच्या डब्यात मिळालेल्या उष्ट्या चिकनवरचा डीएनए जुळला. दोघांपैकी एक तिथेच आधी काम केलेला होता. पुढे 24 मे 2000 ला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वेंडीज रेस्तराँत तसंच घडलं. बंद व्हायची वेळ होती, सात कर्मचाऱ्यांना तळघरातल्या फ्रीझरमध्ये नेऊन गोळ्या घातल्या, पाच जण दगावले. तिथेही एक हल्लेखोर माजी कर्मचारी होता.

आपल्याकडे पिस्तुलाच्या जागी कोयता असेल, पण बंद व्हायची वेळ आणि आतली माहिती असलेला माणूस ही जोडी इथेही तशीच जुळते. म्हणून सांगतो. गल्ल्याची मोजणी ग्राहक असताना, टप्प्याटप्प्याने आणि आतल्या खोलीत करा. कचरा अंधार पडायच्या आत बाहेर काढा. त्यानंतर मागचं दार सकाळपर्यंत उघडायचं नाही, कोणासाठीही नाही. शटर एकतर पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली आणि आतून कडी. कडी लागल्यावर बाहेरून 'दादा, एकच पार्सल' म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी दार उघडायचं नाही. बंद करताना किमान दोघं हवेत. एकानं बाहेर जाऊन रस्ता बघायचा, मग दुसऱ्यानं निघायचं. रोकड स्कूटरच्या डिकीत घरी नेणं तर सोडूनच द्या. आणि नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या हातातली चावी आठवते का? कुलूप बदललंत? तो कामावर आला तेव्हा पोलीस पडताळणी केली होती का? बहुतेक ठिकाणी 'गावाकडचाच आहे' एवढंच उत्तर मिळतं. भागीदारांनी एकदा रात्री रस्त्यापलीकडे उभं राहून आपलंच दुकान बंद होताना बघा, आणि जे दिसेल ते लिहून एखाद्या जाणत्या सुरक्षा सल्लागाराला दाखवा.

प्रश्न : रात्री गल्ल्यात किती रक्कम ठेवावी?

सुट्टे देता येतील एवढी. बाकीची आत टाकता येते पण पाळीवरच्या माणसाला बाहेर काढता येत नाही, अशा तिजोरीत जाऊ द्या. चावी पाळीवर कोणाकडेच नको. आणि तसं दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात रात्री चालणाऱ्या किरकोळ दुकानांना कायद्यानंच अशी तिजोरी ठेवावी लागते आणि 'गल्ल्यात 50 डॉलर किंवा त्याहून कमी' अशी पाटी लावावी लागते. यूपीआयमुळे तुमचं काम निम्मं झालंय, उरलेलं निम्मं तुम्ही करा.

प्रश्न : कॅमेरेवाला म्हणतो, 'एआय कॅमेरा लावा, दरोडेखोर आत यायच्या आधी ओळखतो.' सोळा कॅमेऱ्यांचं पॅकेज आहे. घ्यावं का?

कोयता शर्टाच्या आत असताना कॅमेरा काय ओळखणार? सोळा कॅमेऱ्यांपैकी किती छताकडे बघतात, ते आधी मोजा. मला चार नीट लावलेले चालतील. एक दारात डोळ्यांच्या उंचीवर, कारण वरून घेतलेल्या चित्रात फक्त टोप्या दिसतात. एक गल्ल्यावर, एक मागच्या दारावर, एक पार्किंगवर. आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, गल्ल्याखालच्या फळीवर ठेवू नका. जाताना चोर तोच काढून नेतात. तो कुलपाच्या कपाटात ठेवा आणि चित्रणाची एक प्रत बाहेर साठवा. त्यातलं घड्याळ महिन्यातून एकदा मिळवा. वेळ चाळीस मिनिटं पुढे असलेलं चित्रण कोर्टात वकिलाला आयतं कोलीत देतं. चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते कसं करायचं, हे पॅकेज विकणाऱ्याला विचारून पाहा. तो गप्प बसला तर वकिलाला विचारा.

प्रश्न : 'दरोडेखोराला जागेवर मारलं तरी गुन्हा लागत नाही', असं एका ओळखीच्या हवालदारानं सांगितलं. मी काउंटरखाली रॉड ठेवतो.

ऐकीव कायद्यानं तुरुंगात गेलेले लोक आहेत. भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी अशा काही प्रसंगांत तो जीव घेण्यापर्यंतही जातो, हे खरं. पण कलम 37 सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. उघड्या हॉटेलात ग्राहकांच्या दारानं आलेल्या माणसाला 'घरफोडी' सहसा लागूच होत नाही. आणि चोर पळत सुटल्यावर पाठीमागून रॉड घातला, तर बचाव कसला राहिला? 'गनमॅनला हवेत बार काढायला सांगू' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा : निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

पोरांना शिकवा : पैसे द्या, हात दिसतील असे ठेवा, पाठलाग नको. उंची, बोली, गाडीचा नंबर आणि पायातले बूट लक्षात ठेवा. शर्ट वाटेत बदलतात, बूट क्वचित. ते गेले की दार लावा, काउंटरला हात लावू नका, 112 फिरवा. रॉड घरी न्या. बाकी वकिलाशी बोला.

प्रश्न : आमच्या बाउन्सरनं दारूच्या नशेतल्या ग्राहकाला मारलं. एजन्सी म्हणते जबाबदारी तुमची, मी म्हणतो एजन्सीची.

दोघांनी भांडत बसू नका. करार घेऊन वकिलाकडे जा. माझा प्रश्न वेगळा आहे : काळा टी-शर्ट आणि दंड बघून घेतलेल्या त्या माणसाकडे एजन्सीचं फोटो ओळखपत्र आहे का? बाउन्सर म्हटलं म्हणून रक्षकाचे नियम सुटत नाहीत.

प्रश्न : रात्रपाळीला मुली ठेवता येतील का?

येतील, तिची संमती घेऊन. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन, दोन्ही तुमच्यावर. 'ओला करून देतो' एवढ्यावर भागतं का, हे कामगार विभागाला विचारा.

प्रश्न : एक स्थानिक माणूस चार महिने रोज येऊन फुकट खातो, आता 'दर महिन्याला पाकीट दे, नाहीतर काच फुटेल' म्हणतो. तक्रार केली तर त्रास वाढेल का?

चार महिने! पहिल्या आठवड्यात आला असतात तर तुमच्याकडे कॅमेऱ्याचं चित्रण असतं. आता त्यावर नवं चढलं असेल. जे शिल्लक आहे ते आज रात्रीच उतरवून घ्या. त्याचे फोन, मेसेज, तारखा, सोबत कोण होतं, सगळं कागदावर काढा. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 308. तुमच्या ठाण्यात जायला भीती वाटत असेल तर दुसऱ्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करा. सोबत वकील न्या. पाकीट देऊ नका, आणि तो पुन्हा आला तर पोरांना त्याच्याशी हुज्जत घालू देऊ नका. त्याला खाऊ द्या, बिल बनवा आणि त्यावर वेळ लिहून ठेवा.