माहिती अधिकाराच्या अर्जांचा हिशेब शासन कसा ठेवते? कार्यालय म्हणते, माझा अर्ज सापडत नाही.

परभणी जिल्ह्यातील आपल्या पंचायत समितीत सिंचन विहिरींच्या मंजुरीबाबत आपण माहिती अधिकाराचा अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतली, आणि चाळीस दिवसांनी विचारणा केल्यावर 'अर्ज सापडत नाही' असे आपल्याला सांगण्यात आले, असे आपण लिहिले आहे. मराठवाड्यातीलच एका तालुका कार्यालयात मी काही वर्षे आवक-जावक बारनिशी, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंदवही, सांभाळली, म्हणून त्या टेबलावरून दिसते तेवढे सांगतो.

कार्यालयात आलेला प्रत्येक कागद आधी आवक बारनिशीत चढतो. त्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडतो आणि तो ज्या टेबलाकडे जातो तेथील लिपिकाची सही नोंदवहीत घेतली जाते. माहिती अधिकाराच्या अर्जासाठी याखेरीज एक स्वतंत्र नोंदवही असते. अर्जदाराचे नाव, विषय, दहा रुपयांचे शुल्क कसे भरले, माहिती कधी दिली किंवा का नाकारली, अपील झाले का, हे तिच्या रकान्यांत भरायचे असते. गोंधळ होतो तो बहुधा या दोन वह्यांच्या मधल्या वाटेवर. माझ्याच हातून एकदा असा अर्ज रोजच्या टपालाच्या गठ्ठ्यात साध्या पत्राप्रमाणे चढला आणि आस्थापनेच्या टेबलावर पडून राहिला. स्वतंत्र नोंदवहीत तो नसल्यामुळे महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात प्रलंबित अर्ज 'निरंक', म्हणजे एकही नाही, असे दाखवले गेले, आणि ते पाहून कोणालाही शंका आली नाही. तेव्हा 'सापडत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'दुसऱ्या वहीत नाही' एवढाच असतो. पहिल्या वहीत तो असतो, आणि तेथे कोणाची तरी सहीही असते.

मुदतीची मोजणी मात्र कार्यालयाने कोणत्या वहीत काय लिहिले यावर अवलंबून नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर 48 तासांत. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असल्यास अर्ज 5 दिवसांच्या आत तिकडे हस्तांतरित करून आपल्याला तसे कळवायचे असते. प्रतींचे शुल्क भरण्याबाबत पत्र पाठवले, तर त्या पत्रापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस या मोजणीतून वगळले जातात, आणि काही कार्यालये ते पत्र नेमके एकोणतिसाव्या दिवशी पाठवतात. जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, ज्या सहकाऱ्याकडून माहिती मागवली, तोही कायद्याच्या दृष्टीने जबाबदार धरला जातो, म्हणून बारनिशीतील त्या सहीला महत्त्व आहे.

ऑनलाइन अर्जाची गोष्ट वेगळी आहे. केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या संकेतस्थळांवर अर्ज भरताच नोंदणी क्रमांक मिळतो आणि अर्जाची स्थिती त्यावरून पाहता येते; फक्त यादीत आपले कार्यालय आहे का, हे आधी तपासावे. अमेरिकेत तेथील माहिती स्वातंत्र्य कायद्याच्या 2007 च्या दुरुस्तीने दहा दिवसांहून अधिक वेळ लागणाऱ्या प्रत्येक अर्जाला स्वतंत्र क्रमांक देणे कायद्यानेच बंधनकारक केले. आपल्या अधिनियमात असे कलम नाही, त्यामुळे कागदावरच्या अर्जाचा क्रमांक म्हणजे पोचेवरचा आवक क्रमांक, एवढेच आपल्या हाती राहते.

वरच्या पातळीवरचा हिशेब अधिनियमाच्या कलम 25 खाली होतो. किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या तरतुदीखाली, आयोगाकडे किती अपिले गेली, किती शुल्क जमा झाले, हे विभाग आपापल्या कार्यालयांकडून गोळा करून राज्य माहिती आयोगाला देतात आणि आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. पण प्रत्येक अर्जाला किती दिवस लागले, हे त्या कलमाने विचारलेलेच नाही. माझ्या मते ही त्यातील सर्वांत मोठी उणीव आहे, कारण आपल्यासारखा अर्ज मोजणीत आला तरी त्याचा उशीर कोठेही उमटत नाही, आणि तो नोंदवहीतच चढला नसेल तर मोजणीतही येत नाही.

आता आपण काय करावे, ते सांगतो. जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा 2018 चा निर्णय आहे. त्या वेळेत जाऊन आपल्या पोचेच्या तारखेची आवक बारनिशी दाखवण्याची मागणी करावी आणि अर्जापुढे कोणाची सही आहे, हे टिपून घ्यावे. ते शक्य न झाल्यास, माझ्या अर्जावर कोणत्या दिवशी कोणी काय कार्यवाही केली, एवढाच विषय घेऊन दुसरा अर्ज द्यावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत असावे लागतात.

या खटपटीत पहिल्या अपिलाची मुदत मात्र जाऊ देऊ नये. उत्तराचे 30 दिवस संपल्यापासून पुढचे 30 दिवस त्यासाठी असतात, म्हणजे आपल्याकडे आता साधारण वीस दिवस उरले आहेत. जोडपत्र 'ब', म्हणजे पहिल्या अपिलाचा ठरलेला नमुना, भरून, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून आणि पोचेची छायाप्रत जोडून ते अपील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे जन माहिती अधिकाऱ्याहून वरिष्ठ अशा अधिकाऱ्याकडे, द्यावे. मूळ पोच कोणीही मागितली तरी हातची सोडू नये, आणि अपिलाचीही पोच तेथेच उभे राहून घ्यावी.